आकाशातल्या निरोपाची खातरजमा

आधुनिक प्रवासी विमान उड्डाणाच्या काळात जमिनीशी जवळजवळ सतत संपर्कात असते, आणि या संपर्काचा मोठा भाग आता वैमानिकाच्या आवाजातून होत नाही. तो लहान लहान लिखित संदेशांच्या रूपाने विमानातील संगणक आणि जमिनीवरील संगणक यांच्यात परस्पर चालतो. मार्गावरचे हवामान, इंधनाचे हिशेब, इंजिनांचे तापमान, विमानतळावर कोणत्या दारापाशी उभे राहायचे याची सूचना, आणि समुद्रावरून जाताना हवाई वाहतूक नियंत्रकाने दिलेला उंची बदलण्याचा आदेश, हे सारे या वाटेने येते-जाते. या व्यवस्थेला विमानव्यवसायात डेटालिंक म्हणतात. ती जेव्हा उभी राहिली तेव्हा तिच्या रचनाकारांपुढे प्रश्न एवढाच होता की खरखर, विरलेले संकेत आणि शेकडो किलोमीटरचे अंतर यांतून संदेश अचूक पोहोचावा कसा. संदेश पाठवणारा तोच आहे ना, जो तो असल्याचे सांगतो, हा प्रश्न त्यांना पडला नाही, कारण त्या काळी अशा प्रक्षेपणाची साधने मोजक्या व्यावसायिकांपाशीच होती. ती परिस्थिती पालटली, उपकरणे मात्र बऱ्याच अंशी तीच राहिली, आणि आजच्या सुरक्षिततेच्या सर्व खटाटोपाचे मूळ या विसंगतीत आहे.

आवाजी रेडिओ सोडून लिखित संदेशांकडे वळण्याची निकड का भासली, हे आधी पाहणे आवश्यक आहे. विमानांचा नेहमीचा रेडिओ 118 ते 137 मेगाहर्ट्झ या पट्ट्यात चालतो आणि त्याच्या एका वाहिनीवर एका वेळी एकालाच बोलता येते. दोघे एकदम बोलले तर ऐकणाऱ्याला नुसती शिट्टीसारखी कर्कश किंकाळी ऐकू येते. 27 मार्च 1977 रोजी टेनेरिफ बेटावरील धावपट्टीवर केएलएम आणि पॅन ॲम या कंपन्यांची दोन बोइंग 747 विमाने एकमेकांवर आदळून 583 माणसे मेली, तेव्हा धुके, घाई आणि संदिग्ध भाषा यांच्या जोडीला हेही एक कारण होते की निर्णायक क्षणी दोन प्रक्षेपणे एकमेकांवर पडली आणि थांबण्याचा इशारा ठरू शकली असती अशी वाक्ये वैमानिकापर्यंत नीट पोहोचली नाहीत. महासागरावर तर अडचण आणखी मोठी असते. उंचावरच्या विमानालाही या पट्ट्यातील लहरी साडेतीनशे-चारशे किलोमीटरपलीकडून मिळत नाहीत, कारण त्या सरळ रेषेत जातात आणि पृथ्वीची वक्रता आड येते. मग आयनांबरावरून परावर्तित होणाऱ्या लघुलहरींचा आधार घ्यावा लागतो, ज्यांत आवाज चढतो-उतरतो, खरखर वाढते आणि निरोप बहुधा मधल्या रेडिओ चालकामार्फत नियंत्रकापर्यंत जातो.

डेटालिंकची सुरुवात मात्र सुरक्षिततेच्या चिंतेतून झाली नाही, ती हिशेबाच्या सोयीतून झाली. अमेरिकेतील एरिंक या संस्थेने 1978 मध्ये एकार्स ही प्रणाली सुरू केली, तिचे पहिले काम विमान दारापासून कधी हलले, जमिनीवरून कधी उचलले, पुन्हा कधी टेकले आणि दाराशी कधी लागले या 4 वेळा आपोआप कळवणे हे होते, कारण वैमानिक व कर्मचाऱ्यांचा पगार या वेळांवर ठरत असे. या प्रणालीत माहिती सेकंदाला 2,400 बिट या वेगाने जाते आणि एका तुकड्यात 220 अक्षरांचा मजकूर मावतो. आजच्या साध्या भ्रमणध्वनीच्या तुलनेत हा वेग नगण्य आहे, तरी एकार्सने विमानव्यवसाय अक्षरशः व्यापून टाकला, आणि तिचा पल्ला पुढे लघुलहरी व उपग्रह यांच्या मदतीने जगभर वाढला. इनमारसॅटचे उपग्रह विषुववृत्तावर सुमारे 36,000 किलोमीटर उंचीवरून, तर इरिडियमचे 66 उपग्रह सुमारे 780 किलोमीटर उंचीवरून ध्रुवांसकट सारी पृथ्वी कवेत घेत हे संदेश वाहतात.

या संदेशांचे मोल किती असते ते 1 जून 2009 रोजी दिसून आले. रिओहून पॅरिसला निघालेले एअर फ्रान्सचे 447 क्रमांकाचे विमान अटलांटिक महासागरावर नाहीसे झाले, तेव्हा त्यातील 228 जणांचे काय झाले हे सांगणारा एकही मानवी शब्द जमिनीवर पोहोचला नव्हता. विमानाच्या संगणकाने शेवटच्या काही मिनिटांत आपणहून धाडलेले देखभालविषयक 24 संदेश तेवढे उपलब्ध होते. वेग मोजणाऱ्या नलिकांच्या नोंदी एकमेकींशी जुळेनाशा झाल्या आणि स्वयंचलित नियंत्रण सुटले, ही दिशा तपास करणाऱ्यांना त्या तुटक संदेशांतूनच मिळाली. समुद्रतळावरून नोंदयंत्रे 2011 मध्ये वर आली, म्हणजे जवळपास दोन वर्षे तपासाचा मुख्य आधार हाच होता. मलेशिया एअरलाइन्सच्या बेपत्ता झालेल्या 370 क्रमांकाच्या विमानाच्या बाबतीत, 8 मार्च 2014 रोजी, एकार्सचे संदेश थांबले तरी विमानातील उपग्रह-यंत्रणा पुढे काही तास उपग्रहाशी अधूनमधून हजेरीचे संकेत बदलत राहिली, आणि त्या संकेतांना लागलेला वेळ व त्यांच्या वारंवारतेतील सूक्ष्म फरक यांवरून शोधाचे क्षेत्र दक्षिण हिंदी महासागरात नेण्यात आले.

हिशेबासाठी जन्मलेल्या याच वाटेवर पुढे विमान चालवण्याचे आदेश जाऊ लागले. वैमानिक आणि नियंत्रक यांच्यातील लिखित संवादाच्या या पद्धतीला सीपीडीएलसी म्हणतात. क्वान्टासच्या बोइंग 747-400 विमानांनी 1995 मध्ये दक्षिण प्रशांत महासागरावर तिचा वापर सुरू केला. मुंबईच्या उड्डाण-माहिती क्षेत्रात अरबी समुद्राचा मोठा भाग येतो आणि तेथेही ही पद्धत वापरात आहे. आफ्रिकेकडून मुंबईकडे येणाऱ्या विमानाचा वैमानिक क्षेत्राच्या हद्दीत शिरण्याआधी आपल्या यंत्रात व्हीएबीएफ ही चार अक्षरे भरून मुंबईच्या केंद्राकडे नोंदणी करतो. विमानाचा नोंदणी क्रमांक, उड्डाण क्रमांक आणि विमानात कोणकोणत्या सोयी आहेत याची माहिती त्याबरोबर जाते, आणि केंद्राकडील उड्डाण-आराखड्याशी ती जुळली की जोडणी होते. त्यानंतर नियंत्रकाने ठरीव वाक्यांच्या संचातून 36,000 फुटांवर चढण्याचा आदेश निवडून पाठवला, की वैमानिककक्षात घंटीसारखा सूर वाजतो, पडद्यावर ओळ उमटते आणि तिच्याखाली उत्तरांचे पर्याय येतात: ‘विल्को’, म्हणजे समजले, तसेच करतो, ‘अनेबल’, म्हणजे शक्य नाही, किंवा ‘स्टँडबाय’, म्हणजे थोडे थांबा. वैमानिक कळ दाबतो आणि उत्तर नियंत्रकाच्या पडद्यावर त्या आदेशाशेजारी येऊन बसते. जोडीला विमान आपले स्थान ठरावीक अंतराने आपोआप कळवत राहते, आणि त्यामुळे जेथे एकामागोमाग जाणाऱ्या विमानांत पूर्वी फार मोठे अंतर राखावे लागे, तेथे पुरेशी साधने असलेल्या विमानांना 50 सागरी मैलांपर्यंत, काही ठिकाणी त्याहूनही जवळ आणता येते. यात कानांवर काही सोडलेले नाही आणि उच्चारामुळे होणारा घोटाळाही नाही, ही या पद्धतीची खरी कमाई आहे.

हे सगळे उघड्या हवेत चालते. एकार्सचा मजकूर साध्या अक्षरांत, कोणत्याही आवरणाशिवाय जातो, आणि दूरचित्रवाणीच्या प्रक्षेपणासाठी बनवलेले स्वस्त ग्रहणयंत्र संगणकाला जोडून, मोफत मिळणारी प्रणाली चालवली, की घराच्या गच्चीवरून जाणाऱ्या विमानांचे नोंदणी क्रमांक, उड्डाण क्रमांक आणि संदेश एकाखाली एक उमटू लागतात. संदेश ऐकणे आणि खोटा संदेश सोडणे यांत फरक आहे. प्रक्षेपणासाठी अधिक शक्ती, योग्य जागा आणि नियमांची माहिती लागते, शिवाय तो सरळसरळ गुन्हा आहे. परंतु प्रोग्रॅमद्वारे चालणारे रेडिओ आता संशोधकांना आणि हौशी मंडळींनाही परवडतात, त्यामुळे ‘हे यंत्र परक्याच्या हाती पडणारच नाही’ हा जुना आधार उरलेला नाही.

सुरक्षित संपर्क म्हटले की सामान्य वाचकाच्या मनात प्रथम गुप्तता येते, पण विमानाच्या बाबतीत तिचा क्रम बराच खाली लागतो. अमुक विमान 36,000 फुटांवर चढत आहे, हे आजूबाजूच्या वैमानिकांना कळलेले उलट चांगलेच. येथे लागणारी हमी सातबाऱ्याच्या डिजिटल स्वाक्षरी असलेल्या उताऱ्यासारखी आहे: उतारा कोणालाही वाचता येतो, त्यात लपवण्यासारखे काही नाही, पण तो खऱ्या अधिकाऱ्याकडून आलेला आहे आणि त्यातला एक आकडाही मागाहून बदललेला नाही, याची शाश्वती नसेल तर तो कागद कवडीमोलाचा ठरतो. आदेश खऱ्या नियंत्रकाचाच आहे, वाटेत बदललेला नाही, जुना उचलून पुन्हा सोडलेला नाही आणि हवा तेव्हा पोहोचतो आहे, या चार गोष्टी प्राणांशी संबंधित आहेत. गुप्तता ही मुख्यतः विमानकंपनीची व्यापारी माहिती, प्रवाशांचे वैद्यकीय तपशील आणि खासगी विमानांची हालचाल यांपुरती लागते.

जुन्या व्यवस्थेत यांपैकी काहीच नव्हते असे म्हणणे अन्यायाचे होईल. सीपीडीएलसीच्या प्रत्येक संदेशाच्या शेवटी 16 बिटांची एक तपासणी-संख्या असते, जी मजकूर आणि विमानाचा नोंदणी क्रमांक यांवरून एका सूत्राने काढतात. विमानातील यंत्र तीच आकडेमोड पुन्हा करते आणि उत्तर जुळले नाही तर संदेश टाकून देते. वाटेत एखादे अक्षर बिघडले किंवा संदेश भलत्याच विमानाकडे गेला, तर तो यामुळे पकडला जातो. पण हे सूत्र जाहीर आहे, आणि त्यामुळे जो बनावट संदेश रचतो तो योग्य तपासणी-संख्याही सहज काढू शकतो. निसर्गाच्या खरखरीविरुद्ध बांधलेली भिंत माणसाच्या हेतूविरुद्ध उभी राहत नाही, हे संदेशविज्ञानातले मूलभूत तत्त्व आहे, आणि डेटालिंकच्या टीकाकारांनी ते पुन्हा पुन्हा दाखवून दिले आहे.

तरीही धोक्याचे चित्र रंगवताना तोल राखला पाहिजे. अॅमस्टरडॅम येथील एका परिषदेत 2013 मध्ये ह्युगो तेसो या संशोधकाने एकार्समार्गे विमानाच्या उड्डाण-व्यवस्थापन संगणकात शिरता येते असा दावा करून जगभर खळबळ उडवली. अमेरिकी व युरोपीय नियामकांनी मात्र, प्रात्यक्षिक संगणकावरील प्रतिकृतीवर झाले होते आणि प्रमाणित यंत्रसामग्रीवर ते तसे चालत नाही, असे स्पष्ट केले. शिवाय या व्यवस्थेत माणूस मध्ये उभा आहे. जमिनीवरून आलेला मार्ग विमानाच्या संगणकात वैमानिकाने स्वतः स्वीकारल्याखेरीज उतरत नाही, दोन्ही वैमानिक आदेश वाचून ताडून पाहतात, आणि तो विचित्र वाटला तर आवाजी रेडिओवर विचारण्याची मुभाच नव्हे, तर तशी शिस्त आहे. ही शिस्त मोलाची आहे. मात्र ती उघड चुकीचा आदेश ओळखू शकते, बेमालूम रचलेला, परिस्थितीला शोभणारा खोटा आदेश ओळखण्याची हमी देऊ शकत नाही.

याहून अस्वस्थ करणारी बाब ऑक्सफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी 2017 मध्ये उजेडात आणली. काही व्यावसायिक जेट विमानांचे एकार्स संदेश त्यांना कूटबद्ध केलेले आढळले, पण त्यासाठी वापरलेली पद्धत एका अक्षराच्या जागी ठरलेले दुसरे अक्षर ठेवण्याची, म्हणजे शेकडो वर्षे जुनी आणि कागद-पेन्सिल घेऊन अक्षरांची वारंवारता मोजली तरी उलगडणारी होती. ज्यांनी विमानाचे ठिकाण लपवण्यासाठी ही सोय घेतली ते निर्धास्त होते, आणि त्या निर्धास्तपणामुळे उघड वाटेवर जे कधी लिहिले नसते ते लिहीत होते. कच्चे कुलूप हे कुलूप नसण्यापेक्षा वाईट, असा निष्कर्ष येथे काढावाच लागतो.

मग पक्के कुलूप का लागले नाही? लावण्याची रीत तयार होती: एकार्स संदेशांना प्रमाणित व कूटबद्ध करण्याची एरिंक 823 ही मानक पद्धत 2007 मध्येच प्रसिद्ध झाली. नागरी विमानकंपन्यांनी ती फारशी स्वीकारली नाही, आणि यामागे नुसता हलगर्जीपणा पाहणे चूक आहे. अरुंद वाटेचे गणितही पाहिले पाहिजे. एकार्सच्या वाटेने शुद्ध बिटांचा मजकूर पाठवायचा तर तो आधी अक्षरांत रूपांतरित करावा लागतो, ज्यात त्याची लांबी दुप्पट होते. आज प्रचलित असलेल्या इलिप्टिक कर्व्ह पद्धतीची एक डिजिटल स्वाक्षरी 64 बाइटची असते, म्हणजे तिला 128 अक्षरे लागतात, 220 अक्षरांच्या तुकड्यातली निम्म्याहून अधिक जागा. आणि स्वाक्षरी कोणाची हे सांगणारे प्रमाणपत्र सोबत जोडले तर एका ओळीच्या आदेशासाठी आणखी कित्येक तुकडे खर्ची पडतात. यावर उपाय असा की उड्डाणाच्या आरंभी एकदाच ओळख पटवून दोन्ही बाजूंनी एक सामायिक गुप्त किल्ली ठरवायची आणि नंतरच्या प्रत्येक संदेशाला त्या किल्लीने काढलेली लहान खूण जोडायची. अशी खूण 32 बिटांपर्यंत छाटली तर ती 8 अक्षरांत बसते, आणि किल्ली ठाऊक नसलेल्याने अंदाजाने लिहिलेली खूण बरोबर ठरण्याची शक्यता सुमारे 429 कोटींत एक एवढी उरते. खूण काढताना संदेशाचा अनुक्रमांकही हिशेबात घेतल्यामुळे कालचा खरा आदेश आज पुन्हा सोडता येत नाही.

नव्या पिढीच्या व्यवस्थांत हा विचार पायातच घातलेला आहे. युरोपात वापरली जाणारी व्हीडीएल मोड 2 ही वाहिनी सेकंदाला 31,500 बिट वाहते. तिच्या पुढची पायरी म्हणून जर्मनीच्या डीएलआर या संशोधन संस्थेच्या पुढाकाराने विकसित झालेली एलडॅक्स ही भूस्थित रेडिओ प्रणाली 960 ते 1164 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालते आणि तिच्या आराखड्यात विमान व केंद्र यांनी परस्परांची ओळख पटवणे, किल्ली ठरवणे आणि कूटलेखन हे आरंभापासून आहे. उपग्रहांच्या वाटेवर युरोपीय अवकाश संस्थेचा आयरिस हा कार्यक्रम युरोपातील नियमित प्रवासी उड्डाणांवर सीपीडीएलसी वाहू लागला असून त्यात विमान आणि जमीन यांच्यात सुरक्षित बोगदा उभारला जातो. या सगळ्यांवर एकच भाषा असावी म्हणून आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना, म्हणजे इकाओ, इंटरनेटच्या नियमावलीवर आधारलेले वैमानिकी जाळे घडवते आहे, ज्यात बँकांच्या संकेतस्थळांचे रक्षण करणाऱ्या पद्धतीच्याच कुळातील डीटीएलएस ही पद्धत वापरली जाईल. इंटरनेटची भाषा घेण्याचा फायदा असा की तिच्या उणिवा शोधणारे हजारो डोळे जगात आहेत, तोटाही तोच.

विमानाच्या आतही सीमा आखाव्या लागतात. विमान चालवणारी यंत्रणा, कंपनीच्या कामकाजाची यंत्रणा आणि प्रवाशांच्या करमणुकीची व वायफायची यंत्रणा या तिन्ही स्वतंत्र राहाव्यात आणि आतल्या वर्तुळात बाहेरून काही शिरू नये, असा दंडक आहे. बोइंग 787 च्या जोडलेल्या रचनेमुळे अमेरिकी नियामकाने 2008 मध्ये त्यासाठी खास अटी घातल्या होत्या. विमानात भरायची नवी प्रणालीही डिजिटल स्वाक्षरी तपासूनच घेतली जाते.

सर्वांत अवघड प्रश्न मात्र गणिताचा किंवा रेडिओचा नाही, तो विश्वासाच्या कारभाराचा आहे. एक विमान एका रात्रीत सहा-सात देशांच्या नियंत्रकांच्या हाती जाते, आणि प्रत्येक हस्तांतरणात नव्या केंद्राची ओळख काही क्षणांत पटली पाहिजे. ती पटवणारे प्रमाणपत्र कोणी द्यायचे, एकमेकांशी वैर असलेल्या दोन देशांनी परस्परांच्या स्वाक्षऱ्या कोणत्या आधारावर मानायच्या, एखादी किल्ली चोरीस गेली तर ती रद्द झाल्याची वार्ता अटलांटिकवर असलेल्या विमानाला कशी द्यायची, आणि भाड्याने घेतलेले विमान एका कंपनीकडून दुसरीकडे गेले की त्याच्या किल्ल्या कोणी बदलायच्या, यांची उत्तरे इकाओच्या 193 सदस्य देशांनी मिळून द्यायची आहेत. हे अशक्य नाही, कारण ई-पासपोर्टच्या स्वाक्षऱ्या तपासण्यासाठी देशांच्या सार्वजनिक किल्ल्यांची निर्देशिका हीच संघटना 2007 पासून चालवत आहे. पण पासपोर्ट तपासताना प्रवासी रांगेत उभा राहू शकतो. विमानाला आकाशात तशी सवड नसते.

यातूनच सुरक्षिततेच्या दोन अंगांमधला संघर्ष उभा राहतो. संदेश वेळेवर पोहोचणे हाही सुरक्षिततेचाच भाग आहे, आणि त्याच्या अभावाचा अनुभव ताजा आहे. युरोपात सीपीडीएलसीची सक्ती फेब्रुवारी 2015 पासून होणार होती, पण जोडण्या मधेच तुटत असल्याचे आढळल्यामुळे ती 2020 पर्यंत पुढे ढकलावी लागली. एकाच वारंवारतेवर झालेली गर्दी हे त्याचे एक मोठे कारण होते. दिल्लीत नोव्हेंबर 2025 मध्ये जमिनीवरील केंद्रांमध्ये उड्डाण-आराखडे फिरवणारी संदेश-यंत्रणा बिघडली, तेव्हा नियंत्रकांना तीच कामे हातांनी करावी लागली आणि शेकडो उड्डाणे रखडली. आता प्रश्न असा की किल्ली जुळली नाही तर विमानाने काय करायचे. आदेश नाकारला, तर एखाद्या कालबाह्य प्रमाणपत्रामुळे समुद्रावरच्या विमानाचा संपर्क तुटतो. न तपासता स्वीकारला, तर हल्लेखोराला किल्ली फोडण्याची गरजच उरत नाही, ती बिघडवली की पुरते. सध्याचा व्यवहार्य मार्ग हा की प्रमाणित जोडणी तुटल्यास यंत्राने गुपचूप जुन्या उघड्या वाटेवर उतरू नये, तसे वैमानिकाच्या पडद्यावर ठळकपणे सांगावे आणि पुढचे आदेश आवाजी रेडिओवर घ्यावेत. प्रवासी विमान 25-30 वर्षे उडते, त्यामुळे आज कारखान्यातून बाहेर पडणारी जुन्या पद्धतीची विमाने शतकाच्या मध्यापर्यंत आकाशात असतील, आणि तोवर प्रत्येक नियंत्रण केंद्राला दोन्ही प्रकारचे संदेश एकाच पडद्यावर, पण वेगळे ओळखू येतील असे दाखवावे लागणार आहेत.